मदत हवी आहे: जुन्या कामगारांच्या सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारं यंत्र) प्रशिक्षणाला सरकारी अनुदान मिळतं का?

आमचं छोटं मशीनिंग युनिट आहे, कंत्राटी धरून 22 माणसं. उद्यम नोंदणी आहे, पीएफ-ईएसआय नियमित. नवीन सीएनसी लेथ घेतलंय, पण हात सगळे जुन्या लेथवर बसलेले. माप डोळ्यांनी ओळखणारी माणसं आहेत ही, पण प्रोग्राममध्ये ऑफसेट (हत्याराच्या मापाची दुरुस्ती) बदलायचा म्हटलं की थांबतात. त्यांना बाजूला सारून बाहेरून ऑपरेटर आणायचा नाही, हे पक्कं.

राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना (एनएपीएस) पाहिली. त्यात विद्यावेतनाच्या 25 टक्के, महिन्याला जास्तीत जास्त 1,500 रुपये सरकार थेट उमेदवाराच्या खात्यात भरतं. 30 पेक्षा कमी माणसं असल्याने आम्हाला ती ऐच्छिक आहे, घेऊही एक-दोन मुलं. पण ती नव्या उमेदवारांसाठी. पगारावर असलेल्या माणसाचं काय?

कौशल्य विकास योजनेतलं आरपीएल म्हणजे पूर्वानुभवाला मान्यता, तेही वाचलं. त्यात मुख्यतः येत असलेल्या कामाचं मूल्यमापन होऊन प्रमाणपत्र मिळतं. आम्हाला नवं शिकवायचंय.

एमएसएमई टूल रूमचे (लघुउद्योगांसाठीची सरकारी प्रशिक्षण केंद्रं) छोटे कोर्स चांगले वाटतात, पण सगळ्यांना एकदम सोडलं तर उत्पादन बंद पडेल. दोघादोघांनाच पाठवता येईल आणि त्या काळातला पगार आम्ही देऊच.

तर नेमकं विचारायचंय ते हे: सध्याच्या कामगारांच्या कोर्स फीची पूर्ण किंवा अंशतः भरपाई देणारी केंद्राची किंवा महाराष्ट्राची योजना कुणी प्रत्यक्ष वापरली आहे का? असल्यास मंजुरी कोर्सआधी घ्यावी लागते की पावत्या नंतर चालतात?