मदत हवी आहे : गावचं रेशन कार्ड, पुण्यात अंगठा उठत नाही

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीमागे पत्र्याच्या खोल्यांमध्ये बीड-जालन्याकडची काही कुटुंबं राहतात. कोरडवाहू रान, पाऊस दगा देतो, बोअर आटलेला. म्हणून सगळे पुण्याला आले आणि रोज सकाळी मजूर अड्ड्यावर उभे असतात.

त्यातल्या एका मावशींचं रेशन कार्ड गावचं आहे. प्राधान्य कुटुंबाचं, म्हणजे माणशी महिन्याला ५ किलो धान्य. 'एक देश एक रेशन कार्ड'मुळे ते इथेही मिळायला हवं. पण बांधकामावर सिमेंट-वाळूचा माल कालवून कालवून मावशींच्या बोटांवरच्या रेषाच पुसल्या आहेत. काल मी सोबत गेले होते. पदराने अंगठा पुसून चार वेळा लावला, मशीन घेईना. दुकानदार म्हणाला, गावी जाऊन घ्या. गावी जायचं म्हणजे दोन दिवसांची हजेरी बुडते, वर एसटीचं भाडं. फार जीव तुटला हो.

डोळ्यांच्या स्कॅनवर किंवा ओटीपीवर धान्य मिळवून दिल्याचा कुणाला अनुभव आहे का? तक्रार रेशनच्या परिमंडळ कार्यालयात करायची की ऑनलाइन?

दुसरं, बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. अड्ड्यावर मालक रोज वेगळा, सही करणार कोण? महापालिकेकडून दाखला कुणी काढलाय का?

त्यांच्या नातीच्या शाळेचं मी बघतेय. जुन्या शाळेच्या दाखल्यासाठी प्रवेश अडवता येत नाही, हे २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. रेशनचं मात्र लवकर सांगा, घरातलं पीठ संपत आलंय.