ग्रिनेलसारख्या छोट्या कॉलेजात मुलाला पाठवावं का?

नेपरव्हिलकर:

नमस्कार मंडळी,

आमचा धाकटा यंदा बारावीला आहे, अर्ज भरायचे दिवस आलेत. त्याच्या डोक्यात आयोवातलं ग्रिनेल कॉलेज बसलंय. कॉम्प्युटर सायन्स करायचंय म्हणतो, पण सोबत इतिहास आणि तबलासुद्धा सोडायचा नाही. सगळी मिळून सतराशेच्या आसपास मुलं, गाव नऊ-दहा हजार वस्तीचं. पुण्याला सासऱ्यांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले हे नाव कधी ऐकलं नाही, नामांकित ठिकाणी घाला. ह्यांचंही मत साधारण तेच. आणि फीचा आकडा बघून तर धसकाच घेतला, राहणं-खाणं धरून वर्षाला ऐंशी हजार डॉलरच्या वर! कुणाची मुलं अशा लिबरल आर्ट्स कॉलेजात (म्हणजे एकाच विषयात न अडकता कला-विज्ञान सगळं शिकवणाऱ्या) शिकली असतील तर प्लीज मोकळेपणाने सांगा, चांगलं-वाईट दोन्ही.

डेमॉइनकर:

ताई नमस्कार. माझी लेक ग्रिनेललाच शिकली, आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी आजोबांचं बघू. त्यांना 'ज्ञानोदय' नक्की माहीत असेल, १८४२ साली नगरला सुरू झालेलं मिशनऱ्यांचं पत्र. ते काढणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात १८१३ ला मुंबईत उतरलेल्या गॉर्डन हॉल यांच्यापासून झाली आणि ते हॉल मॅसॅच्युसेट्सच्या विल्यम्स कॉलेजचे पदवीधर, तेही असंच छोटं लिबरल आर्ट्स कॉलेज. ग्रिनेल १८४६ सालचं, तेही त्या मिशनवाल्यांच्याच काँग्रिगेशनल ह्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी काढलेलं. आज धर्माशी संबंध उरलेला नाही पण ही कॉलेजं काल-परवा उगवलेली नाहीत एवढं आजोबांना सांगा. आणि इंटेलचं नाव तर त्यांनी ऐकलंच असेल, १९६८ ला इंटेल काढणाऱ्या दोघांपैकी रॉबर्ट नॉइस ग्रिनेलचे, १९४९ ची बॅच. त्यांचे फिजिक्सचे सर ग्रँट गेल यांनी ओळखीतून, जिथे ट्रान्झिस्टरचा शोध लागला त्या बेल लॅब्जमधले अगदी सुरुवातीचे दोन ट्रान्झिस्टर मिळवले होते, १९४८ साली, जेव्हा मोठमोठ्या युनिव्हर्सिट्यांतल्या पोरांनीही ते बघितले नव्हते. आयोवातल्या मक्याच्या शेतांमधल्या कॉलेजात एका मास्तरांनी हे केलं, आणि ते बघायला वर्गात मोजकीच मुलं होती. मला वाटतं सगळं मर्म तिथेच आहे.

आता शिकण्याबद्दल. पहिल्या सेमिस्टरला ट्युटोरियल म्हणून एक कोर्स असतो, तेवढाच काय तो सक्तीचा, बाकी ना गणिताची सक्ती ना परकीय भाषेची, मुलगा आणि त्याचे अ‍ॅडव्हायजर मिळून चार वर्षांचं ठरवतात. ट्युटोरियलला डझनभर मुलं आणि एक प्राध्यापक, विषय ज्या त्या प्राध्यापकाच्या आवडीचा, पण खरं काम म्हणजे वाचणं, बोलणं आणि लिहिणं. तेच प्राध्यापक मेजर, म्हणजे मुख्य विषय, ठरेपर्यंत तुमच्या मुलाचे अ‍ॅडव्हायजर, म्हणजे पुढे काय घे, काय नको घेऊ हे सांगणाऱ्या माणसाने त्याचं लिखाण ओळ न ओळ वाचलेलं असतं. लेक थँक्सगिव्हिंगला घरी आली तेव्हा तिचा पहिला पेपर मी बघितला. चार पानं टाइप केलेली, आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात सरांनी जवळजवळ तेवढंच लिहिलेलं. दुसऱ्या पानावर एका छान सजवलेल्या वाक्याखाली रेघ मारून शेजारी विचारलं होतं, हे तुला पटलंय म्हणून लिहिलंस की शोभून दिसतं म्हणून. ग्रेड म्हणाल तर बी होती. पोरगी दोन दिवस धुमसत होती आणि मग डायनिंग टेबलवर बसून तिने अख्खा पेपर पुन्हा लिहून काढला, कुणी सांगितलं नव्हतं तरी. अठराव्या वर्षी कुणीतरी आपलं लिहिणं इतक्या गंभीरपणे घेतं ह्याचा मुलांवर काय परिणाम होतो ते मी डोळ्यांनी बघितलंय.

पैशांचं. छापील फी बघून घाबरू नका, ती फार थोडे लोक पूर्ण भरतात. सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजच्या साइटवर कायद्याने नेट प्राइस कॅल्क्युलेटर असावाच लागतो, मदत वजा जाता खरं किती भरावं लागेल ते सांगणारा, टॅक्सचे कागद समोर घेऊन दोघं बसा, अर्ध्या तासात अंदाज येतो. ग्रिनेलकडे एंडोमेंट, म्हणजे देणग्यांतून साठवून गुंतवलेला निधी, दोन अब्ज डॉलरच्या वर आहे, इतक्या कमी मुलांमागे एवढा पैसा फार थोड्या कॉलेजांकडे असेल. सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्या मुलांचा प्रवेश ठरवताना पैशाची ऐपत बघत नाहीत, गरज जेवढी निघेल तेवढी पूर्ण भागवतात, आणि २०२१ पासून मदतीत कर्ज धरत नाहीत, सगळी ग्रँट. पण दोघांचे पगार चांगले असतील तर गरज फारशी निघत नाही हेही खरं. मग मेरिट स्कॉलरशिप किती मिळते ते बघायचं, ग्रिनेल ती देतं, विल्यम्स-अ‍ॅमहर्स्टसारखी कॉलेजं देत नाहीत.

शॉमबर्गकर:

वरचं सगळं वाचलं, ताईंनी छान लिहिलंय. तरी दुसरी बाजू मांडतो. इलिनॉयमध्ये राहून अर्बाना, म्हणजे आपली युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉय, सोडायचं? इन-स्टेट फी जवळपास निम्मी, कॉम्प्युटर सायन्सला देशात पहिल्या पाच-सातात, करिअर फेअरला सगळ्या कंपन्या रांगेत. ग्रिनेलला कोण येणार भरतीला? शिवाय आपल्या मुलाला उद्या इंजिनिअरिंगकडे वळावंसं वाटलं तर तिथे इंजिनिअरिंगच नाही. आणि ऐन थंडीत गावात दोन रस्ते, करणार काय?

सिअ‍ॅटलकर:

काका, मी ग्रिनेलमधून कॉम्प्युटर सायन्स केलंय आणि आता इथे नोकरी करतो म्हणून मधे बोलतो.

अर्बाना उत्तमच आहे, पण थेट कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळाला तर. दुसऱ्या मेजरला घुसून मागाहून वळणं तिथे महाकठीण. ग्रिनेलला मेजर दुसऱ्या वर्षी जाहीर करायचं, तोवर सगळं चाखून बघता येतं. मी स्वतः इकॉनॉमिक्स करायला गेलो होतो. पहिला कोर्स १५१, स्कीम भाषेत, जी बहुतेकांनी आधी कधी बघितलेली नसते त्यामुळे शाळेत जावा घोकून आलेला आणि अजिबात कोडिंग न केलेला दोघं एकाच रेषेवर येतात. लेक्चर कमी, लॅब जास्त. दोघांत एक कीबोर्ड, एकजण टाइप करतो दुसरा चुका पकडतो आणि मग अदलाबदल, पार्टनर सारखा बदलत राहतो. सर टेबलांमधून फिरत असतात, कंस कुठे सुटलाय ते विचारलं की उत्तर देत नाहीत, तूच मोठ्याने वाच म्हणतात. वाचता वाचता सापडतो. आज ऑफिसात दुसऱ्याचा कोड वाचायची मला भीती वाटत नाही ती त्या लॅबमुळे.

कमतरता पण सांगतो. वरच्या वर्गातले काही कोर्स दरवर्षी नसतात, एखादा हुकला तर हुकला. कंपन्या दारात येत नाहीत हे काकांचं बरोबर आहे, इंटर्नशिपसाठी स्वतः धडपडावं लागतं, माजी विद्यार्थ्यांना मेल टाकावे लागतात. ते उत्तरं देतात मात्र, अगदी ओळखपाळख नसताना. पीएचडी करायची असेल तर मात्र ही छोटी कॉलेजं फार पुढे आहेत, ग्रॅड स्टुडंटच नसल्यामुळे प्राध्यापकांच्या रिसर्चला हाताशी आम्हीच असतो. मी उन्हाळ्यात मॅप केला, म्हणजे प्राध्यापकाबरोबर एक प्रोजेक्ट, आणि रेकमेंडेशन लिहिताना त्यांना माझ्याबद्दल काय लिहू असा प्रश्न पडला नाही. इंजिनिअरिंगच करायचं असेल तर अशा बऱ्याच कॉलेजांत थ्री-टू असतं, तीन वर्षं इथे, दोन वर्षं इंजिनिअरिंगच्या युनिव्हर्सिटीत, डिग्र्या दोन. पण पाचव्या वर्षाची मदत वेगळी बघावी लागते आणि दोस्त सोडून जायला पोरं तयार होत नाहीत.

राहण्याचं म्हणाल तर डायनिंग हॉल एकच, त्यामुळे सकाळी ज्याच्याशी वर्गात भांडलात तोच दुपारी डाळीच्या रांगेत पुढे उभा असतो. पळवाट नाही. डॉर्म एकमेकांना लॉजियाने, म्हणजे झाकलेल्या व्हरांड्याने जोडलेत, उणे वीसात त्याची किंमत कळते. मालगाडी कॅम्पसमधूनच जाते, पहिला आठवडा झोप नाही, नंतर ऐकूही येत नाही. सेल्फ-गव्हर्नन्स तिथे फार मानतात, रूममेटचा त्रास असेल तर आधी आपण समोर बसून बोलायचं. फेब्रुवारी मला जड गेला. पहिल्या वर्षी मराठी बोलायला कुणी नव्हतं, डॉर्मच्या किचनमध्ये पोहे केले तर वासाने नेपाळचा एक आणि घानाची एक अशी दोघं येऊन बसली, मग ते दर रविवारचंच झालं. गर्दीत हरवून राहायला आवडणाऱ्या मुलाने तिथे जाऊ नये असं मी स्पष्ट सांगेन, कारण तिथे वर्ग बुडवला तर दुपारी प्राध्यापकांचा बरं वाटत नाही का म्हणून मेल येतो.

काकू, तबला घेऊन जायला सांगा. जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉक ग्रिनेलला आले ते इंजिनिअरिंगच्या वाटेने आणि संगीताकडे वळले, ते तिथे अजून कौतुकाने सांगतात.

नेपरव्हिलकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री कॅल्क्युलेटर केला, आकडा अर्बानापेक्षा जास्तच येतोय पण छापील फीच्या बराच खाली. आता एक विचारते, पुण्याला नणंदेचा मुलगाही हाच विचार करतोय, त्याला हीच मदत मिळेल का?

डेमॉइनकर:

ताई, पुण्याच्या मुलाचं गणित वेगळं. बाहेरच्या देशातल्या मुलांची ऐपत प्रवेश देतानाच बघतात, म्हणजे जितकी मदत मागाल तितका प्रवेश अवघड. आत घेतलं तर गरज पूर्ण भागवतात, पण आधी मागितली नाही आणि नंतर लागली असं करून चालत नाही, म्हणून घरात खरा आकडा ठरवूनच अर्ज भरायचा. शिक्षण झाल्यावर एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थ्याच्या व्हिसावर, एक वर्ष काम करता येतं, स्टेममधलं (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) मेजर असेल तर वर आणखी दोन वर्षं, त्यामुळे मेजर निवडतानाही ते डोक्यात असू दे. आणि भारतातही अशी लिबरल आर्ट्सची ठिकाणं आहेत, पुण्यातच फ्लेम, आंध्रात चेन्नईजवळ श्री सिटीला क्रिया, दिल्लीकडे अशोका, तेव्हा नुसतं नावावरून न ठरवता निदान एकदा फ्लेमला वर्गात बसून यायला सांगा, आपल्याला अशा शिकण्यात रस आहे का ते त्याला तिथेच कळेल, तेही विमानाच्या तिकिटाशिवाय.

तुमच्या धाकट्याला मात्र घेऊन याच, वीकएंडला नको, मंगळवार-बुधवार बघून या, चालू वर्गात बसता येतं, आधी अ‍ॅडमिशन ऑफिसला कळवायचं. तुमच्याकडून चार-साडेचार तासांचं ड्राइव्ह आहे. रात्री मुक्कामाला आमच्याकडे या, लेकही त्या आठवड्यात घरीच आहे, त्याला जे आई-बाबांसमोर विचारता येत नाही ते तिला विचारू दे.