वीज पडून गाय गेली, कानात बिल्ला नव्हता. मदत मिळेल का?

बोरीकाठ (ता. पारोळा)
राम राम मंडळी. मृगाच्या दुसऱ्याच पावसात सांजच्याला वीज पडली आणि बांधावरच्या निंबाखाली बांधलेली आमची गाय जागीच गेली. मी तिला सोडायलाच निघालो होतो, वीस-पंचवीस पावलं राहिली होती. तिसऱ्या वेताची, दोन्ही वेळचं मिळून ११ लिटर दूध. मागे दीड महिन्याची वासरी आहे. दिवेलागणीला अजून त्या निंबाकडे तोंड करून हंबरते.

तलाठी आप्पा सकाळीच आले, पंचनामा झाला, डॉक्टरांनी शवविच्छेदनही केलं. फोटो काढताना विचारलं, बिल्ला कुठाय? कानाला नुसती चीर. चैतात काटेरी कुंपणात अडकून तो तुटला, गव्हाणीपर्यंत सगळीकडे शोधला, मिळाला नाही. नवा मारायचा राहून गेला. आता सांगतात, १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय भरपाई नाही. ३७,५०० रुपयांत तशी दुसरी गाय येत नाही, पण घराला तेवढाच आधार. कोणाला यातून वाट सापडली असेल तर सांगा.

केळीवाला, रावेर
दादा, बिल्ला गेला, नंबर नाही गेला. तो १२ आकडी नंबर भारत पशुधनच्या, म्हणजे जनावरांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत आहे. डॉक्टरांना म्हणा, मोबाईल नंबर टाकून शोधा. सापडला की शवविच्छेदनाच्या अहवालात तो नंबर आणि "कानाला बिल्ल्याची जुनी चीर आहे" हे दोन्ही लिहून मागा. तोंडी बोलण्यावर राहू नका.

२०२२ च्या साथीत लम्पी (जनावरांच्या अंगावर गाठी येणारा रोग) राज्यात पहिल्यांदा आमच्याच तालुक्यात, चिनावलला ऑगस्टात निघाला. माझा एक गोऱ्हा त्यात गेला. तेव्हा दुभत्या गायीला ३०,०००, वासराला १६,००० होते. मला मिळाले, कारण मेल्याबरोबर डॉक्टरांना बोलावलं होतं. शेजाऱ्याने आधी पुरलं आणि मग कळवलं, त्याच्या हाती काही लागलं नाही.

गिरणाथडी
भाऊ, बँकेचंही आताच बघून घ्या. पैसे आधार जोडलेल्या खात्यात जातात, तुम्ही पासबुक कोणतंही द्या. माझी मदत मंजूर होऊन चार महिने झाले तरी मी तहसीलला चकरा मारत होतो. पैसे केव्हाच जनधनच्या जुन्या खात्यात पडले होते, त्या खात्याचं पुस्तकही मी हरवून बसलो होतो.

गोठ्यातली ताई, शिरपूर
वासरीकडे लक्ष द्या दादा. दुसऱ्या गायीचं कोमट दूध, तिच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढं, दोन वेळा विभागून पाजा. एकदम पोटभर दिलं की हगवण लागते. रात्री एकटी बांधू नका, दुसऱ्या जनावराशेजारी ठेवा.

बोरीकाठ (ता. पारोळा)
नंबर निघाला! माझ्या मोबाईलवर काहीच दिसत नव्हतं. मग आठवलं, लम्पीची लस दिली तेव्हा ती कालवड होती आणि वडिलांनी त्यांचा नंबर दिला होता. तो टाकताच नोंद उघडली. डॉक्टरांनी अहवालात लिहून सही-शिक्का दिला.

मालक म्हणून वडिलांचं नाव आहे, तेव्हा अर्ज आणि खातं दोन्ही त्यांचंच देतोय. उद्या त्यांना घेऊन बँकेत जातो, आधारचं बघायला. ताई, वासरी काल म्हशीजवळ बांधली, रात्री कमी हंबरली.