रात्री नऊची गोळी : एचआयव्हीसह वाढणाऱ्या मुलांनी आपल्याला काय दिलं?

नमस्कार मंडळी. आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूरजवळ मंगलताई शहांनी २००१ मध्ये सुरू केलेली 'पालवी' बहुतेकांना माहीत आहे. घरच्यांनी नाकारलेली, एचआयव्हीसह जगणारी मुलं तिथे वाढतात. पालवीला किंवा अशा कुठल्याही कामाला तुम्ही हातभार लावला असेल तर इथे लिहा. किती दिलं ते राहू द्या, काय घेऊन आलात ते सांगा. मुलांची नावं आणि फोटो मात्र नकोत. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदाही तेच सांगतो, आणि कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं.

सुरुवात मी करते. एका संस्थेत रात्रीची मुक्कामी होते. नऊच्या ठोक्याला आठेक वर्षांची एक मुलगी आपला डबा घेऊन आली, गोळी गिळली, ताईंना 'आ' करून दाखवलं आणि शेजारच्या चिमुरड्यासाठी पेल्यात पाणी ओतलं. कुणी हाक मारली नव्हती. माझी बीपीची गोळी आठवड्यातून दोनदा तरी राहायची. त्या रात्रीपासून एकदाही चुकलेली नाही.

यंत्रमागवाले, अशोक चौक
आमच्यात दिवाळीला चादरी द्यायची पद्धत. पहिली दोन वर्षं डागी मालच दिला, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या वर्षी एका पोरानं चादर अंगावर घेतली, बोट फिरवत फिरवत एका जागी थांबला आणि म्हणाला, "काका, इथं धागा तुटलाय. गाठ मारून देऊ?" तक्रार नव्हती त्याची, खरंच मारून देणार होता. मी विणकराच्या घरातला. माझ्या वडिलांनी तुटका ताणा कधी घराबाहेर जाऊ दिला नाही. तेव्हापासून गिऱ्हाइकाला देतो तीच चादर तिथं जाते.

एआरटी केंद्रातील समुपदेशक
देणगीदार नाही, पण लिहावंसं वाटलं. सरकारी एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्यांचा उपचार, २००४ पासून मोफत आहे. आईला उपचार नसले तर बाळाला लागण व्हायची शक्यता १५ ते ४५ टक्के, वेळेवर गोळ्या सुरू झाल्या तर ५ टक्क्यांच्या आत. आकडे पाठ असतात, तरी प्रत्येक रिपोर्टला पोटात गोळा येतो. सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब घेतात आणि अठराव्या महिन्यात शेवटची तपासणी होते. तोवर आई धड श्वास घेत नाही. विड्या वळणाऱ्या एका सुनेचं ताट-वाटी सासूनं वेगळं ठेवलं होतं. नातवाचा अठराव्या महिन्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तेव्हा तीच सासू शेंगाचटणीचा डबा घेऊन केंद्रात आली. म्हणाली, "सुनेनं कुटलीय. आम्ही सगळ्यांनी खाल्ली." मी अजून इथे टिकून आहे ती अशा डब्यांमुळे.

निवृत्त शिक्षिका
वर्गातल्या एका मुलीबद्दल कुजबुज सुरू झाली आणि पालक "तिला काढा" म्हणत आले. सोबत जेवून, खेळून, एका बाकावर बसून हा विषाणू पसरत नाही, हे सांगून कुणी ऐकेना. मग मी रोज मधल्या सुट्टीत तिच्या शेजारी बसून तिच्याच डब्यातली भाकरी खाऊ लागले. पंधरा दिवसांनी दोन मुली आपापले डबे घेऊन आमच्याकडे सरकल्या. त्या दोघींना मी आजही विसरलेले नाही.

महाविद्यालयीन विद्यार्थी
ताई, पैसे नाहीत माझ्याकडे. रविवार मोकळा असतो. काही करता येईल का?

धागाकर्ती
येईल की. दहावीच्या चौघांना गणित शिकवायला कुणी नाही. पण एकदाच येऊन थांबणार असशील तर येऊ नकोस बाळा, पोरं दारात वाट बघत बसतात. आधी संस्थेशी बोलून घे.

महाविद्यालयीन विद्यार्थी
बोललो. परीक्षेपर्यंत दर रविवारी जाणार. कुठून सुरू करू?

धागाकर्ती
वर्गसमीकरणं अडलीत त्यांची. तिथूनच धर.