मदत हवी आहे: ज्युनिअर म्हणून कुणी घेईना, मन कसं सावरायचं?

नमस्कार वकील मंडळी. मी परभणीची. एलएलबी झालं, सनदही मिळाली. संभाजीनगरला खंडपीठात काम शिकायचं म्हणून बऱ्याच सिनिअर वकिलांना भेटून आले. कुणी जागा नाही म्हणतं, कुणी ‘कळवतो’ म्हणतं आणि कळवत नाही. सरळ नकारापेक्षा ते जास्त लागतं. त्यात २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी ३ वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली, म्हणजे ही पायरी टाळताही येत नाही. घरी रोज विचारतात, काय झालं? आता कोर्टाच्या आवारात पाय ठेवायचीही भीती वाटायला लागलीय.

ताई-दादांनो, तुम्ही हे दिवस कसे काढले? त्याच सिनिअरांकडे पुन्हा जावं का? की आधी परभणीच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी कामं शिकावीत?