अनुभव धागा : खालून गंजलेली गाडी, पत्रा बदलला की गाडी सोडली?

कर्वेनगरकर

आज सकाळी पार्किंगमध्ये तळमजल्यावरचे काका त्यांच्या जुन्या वॅगन-आरपाशी गुडघे टेकून बसलेले दिसले. दाराखालच्या पट्टीवर रंगाला फुगा आला होता. त्यांनी अंगठ्याने दाबला तर अंगठा आत. "अगं, हे तर मारी बिस्कीट झालंय," म्हणाले आणि तसेच बसून राहिले. तेव्हापासून डोक्यात आमची झेनच आहे.

१९९९ची झेन. यांच्या बदलीमुळे २००३ ते २०१० ती रत्नागिरीत होती, घर भाट्याच्या बाजूला. रात्रंदिवस खारा वारा. पुण्यात परत आलो तेव्हा वरून इतकी छान दिसायची की लोक विचारायचे, नवीन रंग दिला का. २०१४ला पंधरा वर्षं भरणार, रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं, म्हणून पासिंगच्या आधी धायरीच्या गॅरेजवाल्या दादांकडे नेली. त्यांनी रॅम्पवर चढवली आणि मला खाली बोलावलं. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ते पत्रा ठोकत गेले. मध्ये खणखण, कडेला आलं की थप्प. जिथे थप्प वाजलं तिथे टोक टेकवलं, ते सरळ वर गेलं. तांबड्या खपल्यांनी त्यांची ओंजळ भरली. त्या भोकातून मला आमचीच हिरवी मॅट दिसत होती. ड्रायव्हर सीटच्या बोल्टपासून चार बोटांवर.

गाडीला तेव्हा कुणी पंचेचाळीस हजार दिले असते, खर्चाचा अंदाज अडतीस. हे म्हणाले, देऊन टाकू. मी त्याच गाडीवर चालवायला शिकले, लेकीला दवाखान्यातून त्याच गाडीतून घरी आणली. बारा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. शेवटी दादांनी मला मागच्या सीटपाशी नेलं आणि लेकीच्या सीटबेल्टच्या पट्ट्याचा बोल्ट हाताने हलवायला लावला. तो हलला नाही. मागच्या चाकाचा आधार ठोकला, तिथेही खणखण. म्हणाले, "या दोन जागा गेल्या असत्या तर मी काम घेतलंच नसतं."

म्हणून केलं. दोन्ही बाजूंचे सिल, म्हणजे दाराखालचे पोकळ पत्रे, आणि पुढचा निम्मा फ्लोअर. कापायला घेतल्यावर आणखी सडकं निघालं, अडतीसचे एकसष्ट झाले. पण २०२१पर्यंत चालली आणि मला एक दिवस पस्तावा झाला नाही.

आता काका विचारताहेत काय करू. मला आमचं एकच उदाहरण माहीत. तुम्ही काय केलंत ते लिहा, मी त्यांना वाचून दाखवणार आहे.

भोसरीवाला

मी बावीस वर्षं हेच काम करतो. काकांना सांगा, आधी कार्पेट पूर्ण काढा, वरून बघून काही कळत नाही. या गाड्यांना वेगळी चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, नसते. फ्लोअर, सिल, खालचे बॉक्स मिळूनच चेसिस. म्हणून सिल गंजला म्हणजे दाराखालची शोभेची पट्टी गंजली असं समजू नका, गाडीचा कणा गंजला.

आणि गंज आतून येतो. सिल पोकळ असतो, खाली पाणी जायला बारीक भोकं असतात, ती मातीने बुजली की पावसाळाभर पाणी आत. बाहेर फुगा दिसेपर्यंत आतलं निम्मं संपलेलं असतं.

काम घेणाऱ्याला चार गोष्टी विचारा. चांगला चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापणार का? सिलला अठरा गेजचा, म्हणजे १.२ मिलिमीटरचा पत्रा घालणार का? सीओटू वेल्डिंग आहे ना? गॅस वेल्डिंगच्या ज्योतीने पत्रा तापून वाकतो. आणि कापायच्या आधी बॉडीला खालून आधार देणार का? आधार नसेल तर गाडी मध्ये बसते, मग दारं लागत नाहीत. वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढलीच पाहिजे, टाकीजवळ काम असेल तर टाकीही. सडक्या पत्र्यावर ठिगळ ठोकून वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरणारा माणूस दिसला तर तिथून निघा.

सहकारनगर

आमची गाडी २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबील ओढ्याच्या पाण्यात गेली. वाहून नाही गेली, भिंतीला अडकली, पण काचेपर्यंत चिखल. इंजिन साफ करून घेतलं, सीट वाळवल्या, दिवाळीत तीच गाडी घेऊन सासवडला जाऊन आलो. सगळे म्हणत होते वाचली. पुढच्या पावसाळ्यात चारी दारांच्या खाली आणि मागच्या चाकांवर एकाच वेळी फुगे. भोसरीवाल्या दादांनी लिहिलंय तेच, पोकळ जागांत गेलेला चिखल कुणी काढलाच नव्हता. मेकॅनिकने सिलच्या भोकात तार घातली तर तारेला ओली माती लागून आली. दहा महिन्यांनी! गाडी सोडली. जागा एक असती तर केलं असतं, इथे सगळीकडेच होतं.

त्या रात्रीचं अजून विसरत नाही. ओढ्याचा आवाज आधी आला, पाणी नंतर. शेजारच्या आजींना खुर्चीत बसवून जिन्याने वर नेलं, चौघांनी.

पर्वती पायथा

@सहकारनगर त्या रात्री आम्ही अरण्येश्वरला बहिणीकडे होतो. लाईट नव्हती, खाली मोबाईलच्या उजेडात लोक हाका मारत होते. आजी कशा आहेत आता?

सहकारनगर

आहेत हो, छान आहेत. त्यांच्या हातची पुरणपोळी अजून मिळते आम्हाला.

डाव्या बाजूची

घाईत लिहितेय, स्कूलबस यायची वेळ झाली. आमची फक्त डाव्या बाजूला पायाखाली गंजली होती, बाकी गाडी ठणठणीत. कार्पेट ओलं असायचं, आम्ही दोन वर्षं समजत होतो पावसाचं पाणी येतंय, दाराचं रबरसुद्धा बदललं. निघालं काय तर एसीच्या पाण्याची नळी बुजलेली! पाणी रस्त्यावर पडायच्या ऐवजी आत. नळी साफ केली, तळहाताएवढं भोक होतं तिथे पत्रा लावला, आतून-बाहेरून प्रायमर, सहा हजारांत झालं. काकांना म्हणावं, उन्हाळ्यात कार्पेटखाली हात घालून बघा. उन्हाळ्यातही ओलं लागलं तर पाऊस नव्हे.

वारज्याचा

मी जुनी गाडी घेताना फसलो, ते लिहितो म्हणजे दुसरा फसणार नाही. घेतल्यापासून दर महिन्याला अलाइनमेंट करायचो तरी पुढचा डावा टायर आतून झिजायचा. तीन ठिकाणी दाखवलं. चौथ्याने बॉनेट उघडून मला शॉकअप जिथे वर बसतो तिथे बोट ठेवायला सांगितलं आणि स्वतः गाडी दाबली. बोटाखाली पत्रा श्वास घेतल्यासारखा वर-खाली. रंगाखाली लांबी, लांबीखाली गंज. त्याच गाडीतून मी आठवडाभरापूर्वी आईबाबांना घेऊन खंबाटकी उतरून आलो होतो. ते आठवून तिथेच गॅरेजच्या पायरीवर बसलो.

नाही केली दुरुस्त. तो म्हणाला करता येईल, पण चाकाचा कोन जसाच्या तसा येईल याची खात्री देणार नाही. तेवढं पुरलं मला.

गाडी बघायला जाताना खिशात फ्रीजवरचं लोहचुंबक न्या, टोकाला कापड गुंडाळून. पत्र्याला चिकटतं, लांबीला नाही.

मुळशी

माझी जीप आहे, तिचं वेगळं. तिला खरी चेसिस असते, बॉडी वर बोल्टने बसवलेली. ताम्हिणीच्या पावसात वीस वर्षं काढली, बॉडीचा फ्लोअर दोनदा बदलला, काही वाटलं नाही. पण चेसिसला मागच्या बाजूला गंज दिसला तेव्हा झोप उडाली. पूर्ण बॉडी उचलून काम केलं, सात आठवडे लागले. एक सांगतो, चेसिस नंबर असलेल्या जागेला हात लावू देऊ नका. तिथे काही करायचं तर आधी आरटीओची परवानगी.

नाना पेठ

जीपचं ओरिजिनल हँडल कुठे मिळेल दादा? मी सहा महिने शोधतोय.

मुळशी

जुन्या बाजारात, बुधवारी गेलो होतो. रविवारीपण असतो पण गर्दी फार. सकाळी लवकर जा.

कर्वेनगरकर

कुकर लावून आले. @वारज्याचा वाचून अंगावर काटा आला. बरं झालं वेळेत कळलं. @डाव्या बाजूची, काका लगेच हात घालून आले, कोरडं आहे म्हणाले. म्हणजे ते कारण नाही.

एरंडवणे

आमच्या बाबांची गाडी तीन वर्षं उभी आहे. मागच्या चाकांचे दोन्ही आधार गेलेत, तिघांना दाखवलं, तिघेही नाही म्हणाले. रस्त्यावर काढायची नाही हे बाबांनाही पटलंय. पण ते रोज सकाळी साडेसातला खाली जातात, ड्रायव्हर सीटवर बसतात, काचा खाली करतात आणि तिथे पेपर वाचतात. वाचून झाला की काचा वर करून येतात. ८१ वर्षांचे आहेत. पार्किंगच्या जागेवरून सोसायटीत दोनदा बोलणं झालं. मी जागेचे पैसे भरतो. मला अजून ठरवता आलेलं नाही.

डाव्या बाजूची

@एरंडवणे राहू द्या हो. फक्त बॅटरी काढून ठेवा आणि वायरी उंदरांनी कुरतडल्या नाहीत ना बघत जा.

एरंडवणे

बॅटरी काढलीये. काचा हाताने फिरवायच्या आहेत, म्हणून तर उघडतात :)

पर्वती पायथा

काकांचं ठरायच्या आधी कागदांचंही बघा. पंधरा वर्षांनंतरचं रजिस्ट्रेशन पाच-पाच वर्षांनीच मिळतं, शिवाय पर्यावरण कर. दिल्लीसारखी वयावरून बंदी आपल्याकडे नाही, पण मुदत संपायला सहा महिने राहिले असतील तर दुरुस्तीचा खर्च आणि तो खर्च एकत्र मांडा. इन्शुरन्सकडून गंजाचे पैसे मिळत नाहीत, ती झीज धरतात.

आणि सोडायची ठरली तर रस्त्यावरच्या भंगारवाल्याला नुसती चावी देऊ नका. अधिकृत स्क्रॅप केंद्रात द्या, गाडी जमा केल्याचं डिपॉझिट सर्टिफिकेट घ्या, आरसी रद्द करून घ्या. नवीन गाडीच्या करात त्या सर्टिफिकेटवर सूट मिळते. माझ्या मामांनी आरसी रद्द केली नव्हती, गाडी मोडून दोन वर्षं झाल्यावर तिच्या नंबरावर दंडाची पावती आली.

कोथरूड डेपो

या भागात सीट कव्हर शिवणारा चांगला कुणी आहे का? विषय सोडून विचारतोय, माफ करा.

वारज्याचा

आहे, मेसेज करतो.

कर्वेनगरकर

संध्याकाळचं सांगते. काका, मी आणि आमची लेक, तिघांनी मिळून कार्पेट काढलं. काकू चहा घेऊन खालीच आल्या. ड्रायव्हरच्या बाजूला वीतभर पत्रा गेलाय, सिलच्या आतल्या कडेने. पट्ट्याचे चारही बोल्ट मी स्वतः हलवून बघितले, घट्ट आहेत. मागे ठोकलं तर खणखण. शॉकअपच्या जागेवर बोट ठेवलं, काकांनी गाडी दाबली, हललं नाही. एका ठिकाणी मात्र शंका आहे. उजव्या पुढच्या चाकाच्या मागे, जिथे फ्लोअर वर वळतो, तिथे आवाज ना खणखण ना थप्प. ती जागा रॅम्पवर चढवल्याशिवाय दिसत नाही. काका म्हणाले, ती जागा दाखवल्याशिवाय हो पण नाही आणि नाही पण नाही. गुरुवारी धायरीला जातोय.

भोसरीवाला

बरोबर केलंत. ती जागा महत्त्वाची, चाक धरणाऱ्या खालच्या आर्मचा जोर तिथेच येतो. गुरुवारपर्यंत गाडी चालवू नका, टोइंगने न्या. आणि टाकीत पेट्रोल भरून पाठवू नका, काम निघालं तर टाकी उतरवायला लागेल.

कर्वेनगरकर

काकांना सांगितलं. चावी काकूंनी कपाटात ठेवली.