मुलांसाठी बनवलेल्या जुन्या इंग्रजी बशीचा काळ कसा ठरवावा?

प्रश्न (जालना):
नमस्कार. येथील जुन्या बाजारातून मी लहान मुलांसाठी बनवलेली एक इंग्रजी बशी घेतली आहे. साधारण सहा इंच व्यासाच्या या बशीच्या काठावर इंग्रजी मुळाक्षरे उठावात आहेत, मध्यभागी पतंग उडवणाऱ्या मुलांचे तपकिरी छापाचे चित्र आहे आणि त्यात हाताने भरलेला हिरवा व लाल रंग जागोजागी रेषेबाहेर गेला आहे. मागे चौकोनी बर्फीसारखे चिन्ह असून त्याच्या माथ्यावरील गोलात रोमन चार, गोलाखालच्या कोपऱ्यात एक आकडा आणि उजव्या कोपऱ्यात ‘एस’ हे अक्षर आहे. देशाचे नाव कोठेही नाही. विक्रेत्याच्या मते ही बशी १८२० च्या सुमाराची असून इथल्या इंग्रजी छावणीतील कुटुंबाची आहे. हे ग्राह्य धरावे का? आणि झिलईतील पिवळट डाग चिंचेने घालवले तर चालतील का?

उत्तर १ (छत्रपती संभाजीनगर):
१८२० हे साल बाद करावे, कारण मागचे बर्फीसारखे चिन्ह हे ब्रिटनमध्ये नमुन्याची सरकारी नोंदणी दाखवणारे चिन्ह असून ते १८४२ ते १८८३ या काळातच वापरात होते. रोमन चार म्हणजे मातीच्या भांड्यांचा वर्ग. १८६७ पर्यंत वर्षाचे अक्षर गोलाखालच्या कोपऱ्यात असे. १८६८ पासून ते उजवीकडे गेले आणि वरच्या कोपऱ्यात दिवसाचा आकडा आला. तुमच्या वर्णनानुसार ‘एस’ म्हणजे १८७५. मात्र हे नमुन्याच्या नोंदणीचे वर्ष आहे. बशी त्यानंतरही काही वर्षांनी बनलेली असू शकते. देशाचे नाव नसणे या काळाशी जुळते, कारण अमेरिकेत जाणाऱ्या मालावर ते घालण्याची सक्ती १८९१ पासून झाली. जालन्याला छावणी होती हे खरे, परंतु बशीवर तिचा काहीच पुरावा नसल्याने त्या गोष्टीपोटी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

रेषेबाहेर गेलेल्या रंगाला दोष मानू नका. इंग्लंडमधील कुंभारकामासाठी प्रसिद्ध असलेल्या स्टॅफर्डशायर परगण्याच्या कारखान्यांत अशा स्वस्त भांड्यांवर रंग भरण्याचे काम पुष्कळदा लहान मुलेच करत, आणि तीच भांडी दुसऱ्या मुलांना शहाणपणाचे बक्षीस म्हणून मिळत. मला तरी या बश्यांमधली सर्वांत मोलाची खूण हीच वाटते.

उत्तर २ (नांदेड):
चिन्हाची नक्कल होऊ शकते, म्हणून भिंगाने चित्रही तपासा. तांब्याच्या कोरीव पत्र्यावरची शाई पातळ कागदावर घेऊन तो कागद भाजलेल्या भांड्यावर दाबत. त्यामुळे कागदाची सुरकुती किंवा सांध्याजवळ तुटलेली रेघ कोठेतरी सापडते. आधुनिक छपाईत त्याऐवजी ठिपक्यांची जाळी दिसते. छाप झिलईखाली असेल तर बोटाला गुळगुळीत लागतो, वरून भरलेला रंग मात्र किंचित उंच लागतो. भट्टीत भांडे ज्या तिवईवर टेकवत, तिच्या टोकांचे तीन बारीक व्रणही शोधा.

उत्तर ३ (परभणी):
कृपया चिंच लावू नका. आम्लाने झिलई आणि वरचा रंग दोन्ही खराब होतात. कपड्यांचे ब्लीचही नको, कारण ते झिलईच्या बारीक तड्यांतून आत मुरते आणि मागे राहिलेले क्षार नंतर झिलई उचकटतात. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड असल्याने ते टाळून आरओचे किंवा पावसाचे कोमट पाणी आणि मऊ ब्रश वापरा. डाग निघाला नाही तर तसाच राहू द्या. त्या काळच्या झिलईत शिसे असे, तेव्हा या बशीत मुलांना खाऊ देऊ नये.